लोहारांकडे स्टोमा मुक्कामाला आला

आमच्या भागात ऑपरेशनच्या आठवडाभर आधी स्टोमा, म्हणजे आतड्याचं पोटावर बसवायचं तोंड, पेशंटच्या घरी मुक्कामाला येतो. ऑपरेशन मिरजेला होतं, पण घर बघितल्याशिवाय स्टोमाला पोट दाखवायचं नाही, असा तिथल्या हॉस्पिटलचा रिवाज आहे. त्यात चूक काही नाही. मुलगी देतानासुद्धा लोक घर बघतातच.

तो झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल्या गॉजवर बसून येतो. आकाराने करवंदाहून थोडा मोठा, रंगाने ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि सदा ओलसर. डोळे, कान, नाक काही नाही, नुसतं एक तोंड. तरी त्याला दिसतं आणि ऐकू येतं. कसं, ते कुणी विचारत नाही. बोलतो मात्र स्वच्छ. एकदा पोटावर बसवला की त्याचं बोलणं बंद होतं, कारण तोंडाला दुसरं काम लागतं. त्यामुळे जे विचारायचं ते त्याच आठवड्यात विचारून घ्यावं लागतं. पसंत पडला नाही तर परत पाठवता येतो. मग ऑपरेशन होत नाही, इतकंच.

विट्याच्या रत्नप्रभा लोहार यांनी तो यायच्या आधीच त्याला परत पाठवायचं ठरवलं होतं.

रत्नप्रभाबाई एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसायच्या आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. निम्म्या तालुक्याला त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज सगळ्यांना माहीत होता. मंडईत त्यांनी मेथीचा भाव विचारला तरी आजूबाजूची माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. त्यांना त्याचा अभिमान होता. घसा खराब झाला तर त्या रजा घ्यायच्या, पण बसक्या आवाजात गाडी पुकारायच्या नाहीत.

रक्त पडायला लागलं तेव्हा मूळव्याध समजून त्यांनी बरेच महिने अंगावर काढले. मग तपासणीत गुदाशयातली गाठ निघाली. रेडिएशनचे शेक घेतले, गोळ्या घेतल्या, गाठ आक्रसली. आता ती काढायची होती. डॉ. अनघा खरमाटे यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं.

"गाठीचा भाग काढायचा आणि वरचं आतडं खालच्याला जोडायचं. पण जोड नाजूक असतो. तो भरून येईपर्यंत त्याच्यावरून काही जाऊ द्यायचं नाही. म्हणून वरूनच पोटावर वाट काढून द्यायची. काही महिन्यांपुरती."

"म्हणजे पूल दुरुस्तीला, म्हणून गाडी वळणरस्त्याने," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"समजलं."

समजलं होतंच. पटलं नव्हतं.

सिस्टर सुवार्ता कांबळे डबा घेऊन आल्या तेव्हा दार दिनकररावांनी उघडलं. दिनकरराव म्हणजे रत्नप्रभाबाईंचे मालक, निवृत्त वायरमन. जन्मभर विजेच्या खांबांवर चढले, कधी भ्याले नाहीत, पण शरीराच्या आतल्या कुठल्याही गोष्टीचं नाव काढलं की त्यांचे पाय लटपटायचे. सिस्टरांनी झाकण काढलं आणि दिनकरराव आहेत तिथे उंबऱ्यावर बसले.

"घाबरू नका," स्टोमा म्हणाला. "बहुतेक ठिकाणी माणसं बसतातच. मी स्टोमा. तात्पुरत्या कामाला आलोय."

"या," दिनकरराव बसल्या बसल्याच म्हणाले. घरी आलेल्याला 'या' म्हणायची त्यांची सवय भीतीपेक्षा जुनी होती. "चहा घेणार का पाव्हणं?"

"मला तोंड आहे, पण त्यातून आत काही जात नाही. फक्त बाहेर येतं. गॉज तेवढा ओला ठेवा."

रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, डब्याकडे बघितलं आणि सिस्टरांना म्हणाल्या, "ठेवायचा असेल तर ठेवा. पण मी ऑपरेशन करून घेणार नाहीये."

"चालेल," सिस्टर म्हणाल्या. "आठवडा झाला की मी न्यायला येते. तोवर राहू दे."

डबा माठाच्या शेजारी, गारव्याला ठेवला. रत्नप्रभाबाई पाणी घ्यायला गेल्या की दुसरीकडे बघत पेला भरायच्या. स्टोमानेही पुढे होऊन बोलायचा प्रयत्न केला नाही. त्याने दिनकररावांना हाताशी धरलं.

"मला संडास दाखवाल का?"

दिनकररावांनी डबा दोन्ही हातांत धरून परसदारी नेला. स्टोमाने भांडं बघितलं, नळ बघितला, दाराची कडी बघितली.

"खाली बसायचं भांडं आहे. पिशवी रिकामी करताना बाईंना वाकावं लागेल. एक ठेंगणं स्टूल हवं. भिंतीला खुंटी मारा, पदर अडकवायला. आणि ती कडी घट्ट आहे. घाईत उघडली पाहिजे."

दिनकररावांना आयुष्यात पहिल्यांदाच आजारपणात करता येण्यासारखं काही सापडलं होतं. त्यांनी त्याच दिवशी कडीला तेल दिलं, खुंटी मारली, स्टूल आणलं. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून त्याचा एक पाय कानशीने घासला. मग ते ओट्याशी बसून स्टोमाकडून धडे घ्यायला लागले. सिस्टरांनी सरावासाठी पिशव्या आणि चिकटवायच्या चकत्या ठेवल्या होत्या. चकतीला मधोमध भोक कापायचं असतं, स्टोमाच्या मापाचं.

"मोठं झालं," स्टोमा म्हणायचा. "मधे उघडी कातडी राहील. माझ्यातून जे येतं ते झोंबणारं असतं. कातडी सोलून निघेल."

दिनकरराव पुन्हा कापायचे.

"आता लहान झालं. मला आवळेल."

"दुखेल का तुम्हाला?"

"मला दुखत नाही. मला कुठल्याच वेदना नाहीत. म्हणून तर तुम्ही लक्ष ठेवायचं. मी लालच असायला पाहिजे. काळपट झालो तर कुणाची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं."

हे ऐकताना दिनकरराव पांढरे पडले, पण खाली बसले नाहीत. ते आधीच बसलेले होते.

रत्नप्रभाबाई हे सगळं भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या.

एका दुपारी दिनकरराव दळण घेऊन गिरणीत गेले. घरात त्या आणि डबा. त्यांनी पाणी प्यायलं आणि पेला खाली ठेवायचा राहिला.

"आवाज येतो?" त्यांनी विचारलं.

"येतो," स्टोमा म्हणाला.

"थांबवता नाही येत?"

"नाही. खालच्या वाटेला दाबून धरणारा स्नायू असतो, मला नाही. वारा आला की निघून जातो. कांदा, कोबी, सोड्याची बाटली कमी केली, तोंड मिटून सावकाश जेवलात, तर कमी येईल. वरून तळहात दाबला तर दबका येईल. पण येणारच नाही असं मी सांगणार नाही."

"वास?"

"पिशवी बंद असेपर्यंत नाही. उघडली की येतो. तो आत्ताही येतोच की, सगळ्यांना."

रत्नप्रभाबाई पाटावर बसल्या. आजार कळल्यापासून त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या. आता एका डब्यासमोर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"माझी केबिन एवढीशी आहे," त्या म्हणाल्या. "समोर माइक. एवढी वर्षं माझ्या तोंडून एक शब्द वावगा गेला नाही स्टँडवर. आणि आता पोटातून... सगळा गाव ऐकणार. त्यापेक्षा गाठ बरी. ती गप्प तरी आहे."



"गाठ गप्प असते ते खरं," स्टोमा म्हणाला. "पण ती मुक्कामाला आलेली नसते, ताई. ती घर घ्यायला आलेली असते."

माठाचा एक थेंब ओघळून गॉजवर पडला.

"मला तुमची केबिन दाखवा," स्टोमा म्हणाला. "घर बघितलं, कामाची जागा राहिली. मग हवं तर परत पाठवा."

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाबाई डबा पर्समध्ये घालून ड्यूटीवर गेल्या. आगारप्रमुखांना सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, "प्रवासी आहे की कर्मचारी?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "अजून ठरलेलं नाही." त्यांनी मान डोलावून परवानगी दिली.

केबिनमध्ये टेबलावर माइक, रजिस्टर आणि पंखा. डबा माइकच्या शेजारी ठेवला, झाकण उघडं. बाहेर बाजाराची गर्दी होती. रत्नप्रभाबाईंनी बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विट्याहून मायणीमार्गे दहिवडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे..."

आणि तेवढ्यात स्टोमाला वारा आला.

आवाज लांबलचक होता. मधे थोडा चढला आणि शेवटी विरत गेला. स्टँडच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून तो बाहेर पडला, छपरावरून फिरला आणि थांबला. रत्नप्रभाबाईंचा हात बटणावरच राहिला. आता सगळा स्टँड आपल्या खिडकीकडे वळणार, असं त्यांना वाटलं.

दहिवडीची माणसं दहिवडीच्या गाडीकडे पळाली. शेंगा विकणारी बाई शेंगा विकत राहिली. दोन कंडक्टर भांडत होते, ते भांडत राहिले.

मग धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले.

"बाई, दहिवडीचं कळलं. पण त्याच्या मागनं एक गाडी पुकारली, ती कुठली?"

रत्नप्रभाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला कुठं जायचंय, बाबा?"

"भिवघाट."

"मग ती तुमची नव्हे. भिवघाटची यायचीय अजून. बसा."

"बरं," म्हणून ते बाकावर जाऊन बसले.

रत्नप्रभाबाईंनी माइक बंद केला, खिडकी लोटून घेतली आणि टेबलावर डोकं टेकून हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. कित्येक महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. पोट दुखायला लागलं तेव्हा त्यांनी पोट दाबून धरलं आणि पुन्हा हसल्या.

"माफ करा," स्टोमा म्हणाला. "पर्समध्ये फार हिंदकळलो."

"गप रे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. अहोजाहो तिथे संपलं.

पुढचे दिवस प्रश्नांचे होते. अंघोळ करता येते का? येते, पिशवीसकट किंवा पिशवीविना. पिशवी कधी बदलायची? सकाळी चहाच्या आधी, तेव्हा तो शांत असतो. शेंगदाणे, ओलं खोबरं, मक्याचं कणीस? सुरुवातीला नको, अडकतात. पुढे थोडे, बारीक चावून. पातळ फार व्हायला लागलं तर? केळं, दहीभात. आणि पाण्यात मीठ-साखर घालून पीत राहायचं, नाहीतर अंगातलं पाणी निघून जाऊन चक्कर येईल. पिशवी भरू द्यायची नाही, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. दिनकरराव मधे मधे "हे मला ठाऊकाय" म्हणायचे आणि खरंच त्यांना ठाऊक असायचं.

एक प्रश्न रत्नप्रभाबाईंनी शेवटपर्यंत मागे ठेवला होता.

"तू जाणार ना नक्की?"

"बहुतेक जाईन," स्टोमा म्हणाला. "जोड भरला की माझं काम संपतं. पण जोड भरला की नाही हे मी ठरवत नाही. आमच्यातला एक जण असाच काही महिन्यांसाठी जतला गेला, तो अजून तिथेच आहे. ते गृहस्थ त्याला घेऊन रोज शेतात जातात. बरं चाललंय त्यांचं."

"हे आधी नाही सांगितलंस."

"आधी विचारलं नाहीत. विचारल्यावर खोटं सांगितलं नाही."

त्यांनी माठातलं थोडं पाणी घेऊन गॉज ओला केला. मग म्हणाल्या, "बरं."

सिस्टर सुवार्ता न्यायला आल्या तेव्हा डबा लख्ख घासलेला होता आणि पोटावर जागा ठरवायची बैठक बसली. ऑपरेशनच्या आधी स्टोमाची जागा शाईने खूण करून ठेवतात. रत्नप्रभाबाईंना उभं केलं, बसवलं, वाकवलं. वाकल्यावर पोटाला जिथे वळी पडते ती जागा बाद. बेंबीच्या खाली उजवीकडे एक सपाट जागा होती.

"इथे," स्टोमा म्हणाला.

"तिथे परकराची नाडी येते," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"नाडी वर घ्या."

"लग्नापासून नाडी तिथेच आहे."

"मी नाडीखाली काम करू शकत नाही. कोंडी होईल."

"मग तू खाली सरक."

"खाली सरकलो तर तुम्हाला दिसणार नाही. जे दिसत नाही ते नीट धुतलं जात नाही."

सिस्टर दोघांच्या मधे पेन धरून थांबल्या होत्या. दिनकररावांनी घसा खाकरला.

"मी काय म्हणतो, नाडीच्या जागी इलॅस्टिक लावलं तर? रुंद पट्टीचं. मी शिवून आणतो लोखंडे टेलरकडनं."

दोन्ही पक्षांना ते मान्य झालं. सिस्टरांनी फुली मारली.

डब्याचं झाकण लावायच्या आधी स्टोमा म्हणाला, "आता पोटावर भेटू. मी बोलणार नाही, पण ऐकू येईल."

ऑपरेशन दिवसभर चाललं. दिनकरराव हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून राहिले. डॉ. खरमाटे बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली. स्टोमा छान बसलाय." दिनकररावांनी त्यांना नमस्कार केला आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

शुद्धीवर आल्यावर रत्नप्रभाबाईंनी पहिल्यांदा हात पोटावर नेला. पारदर्शक पिशवीच्या आत तो होता. लाल, ओला, गप्प.

"आलास का," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने काम सुरू केलं, हिरवट पाण्यासारखं, आणि पिशवी पहिल्यांदा दिनकररावांनी रिकामी केली. त्यांनी कॉटच्या लोखंडी दांड्याला एका हाताने धरून ठेवलं, खांबावर असताना धरायचे तसं, आणि दुसऱ्या हाताने पिशवीचा चिमटा उघडला.

"जमलं की," शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली.

"जमतंय," दिनकरराव म्हणाले.

पुढचे महिने सरळ गेले असं म्हणता येणार नाही. एकदा चकती सुटली आणि भाचीच्या बारशातून त्यांना अर्ध्यात यावं लागलं. एकदा कातडी लाल झाली, तेव्हा दिनकररावांनी भोक पुन्हा मापलं. स्टोमा बसवल्यावर तो हळूहळू बारीक होतो, हे ते विसरले होते. कडक उन्हाळ्यात एक दिवस मीठ-साखरेचं पाणी प्यायचं राहिलं आणि रत्नप्रभाबाई ओट्याशीच कोसळल्या. सलाईन लागलं. घरी आल्यावर दिनकररावांनी माठाशेजारी पाण्याची वेगळी बाटली भरून ठेवायला सुरुवात केली आणि दर थोड्या वेळाने ते नुसते बाटलीकडे बोट दाखवायचे.

त्या कामावर रुजू झाल्या. स्टँडवर कधीमधी गाडी पुकारून झाल्यावर एक जास्तीची गाडी पुकारली जायची. नेहमीचे प्रवासी समजून गेले होते की ती थांबत नाही.

मग नळीतून औषध सोडून जोडाचा एक्स-रे फोटो काढला. जोड भरला होता. कुठेही गळत नव्हतं. गाठीचाही मागमूस नव्हता. डॉ. खरमाटे फोटो उजेडासमोर धरून म्हणाल्या, "पूल खुला." रत्नप्रभाबाईंनी दिनकररावांचा हात चारचौघांत धरला. लग्नानंतर ही पहिलीच वेळ.

वाट बंद करायचं ऑपरेशन लहान होतं. नंतर जुन्या वाटेला आपलं काम आठवायला वेळ लागला. सुरुवातीला दिवसात कितीदा तरी पळावं लागायचं, मग कमी, मग त्याहून कमी. एका सकाळी रत्नप्रभाबाई एकदाच गेल्या, आरामात परत आल्या आणि पेपर वाचत बसल्या. दिनकररावांनी दोघांसाठी पोहे टाकले.

स्टोमाला पुढचं पोट खानापूरला मिळालं होतं. आमच्याकडे जुन्या पेशंटने नव्या घरापर्यंत सोडायला जायची पद्धत आहे, सक्तीची नाही. लोहार नवरा-बायको सिस्टर सुवार्तांबरोबर गेले. बोलणं बराच काळ बंद असल्याने स्टोमाचा आवाज घोगरा झाला होता.

"कशी आहे जागा?" त्याने गाडीत विचारलं.

"बारीकशी रेघ राहिलीय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"खाज येते?"

"ऊन तापलं की येते."

"येणारच," तो म्हणाला.

खानापूरचे भगवान शेडगे कुस्त्यांचे वस्ताद होते. छाती दारात मावणार नाही एवढी. त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि डबा बघून लावून घेतलं. आतून म्हणाले, "माझ्या पोटावर आजपर्यंत माती सोडून काही लागलेलं नाही. घेऊन जावा त्याला."

सिस्टर सुवार्तांनी रत्नप्रभाबाईंकडे बघितलं. रत्नप्रभाबाई पायरीवर बसल्या, डबा मांडीवर ठेवला आणि बंद दाराशी बोलायला लागल्या. काय बोलल्या ते दिनकररावांना नीट ऐकू आलं नाही, कारण त्या माइकवरच्या आवाजात बोलतच नव्हत्या. घरात बोलतात तशा हळू बोलत होत्या. बराच वेळ बोलल्या. मधे एकदा आतून काही विचारलं गेलं, त्यांनी उत्तर दिलं. मग कडी निघाली. शेडग्यांचा हात बाहेर आला आणि त्याने डबा अलगद, खालून आधार देऊन, आत घेतला.

"ऊन लई हाय," आतून आवाज आला. "पाणी पिऊन जावा सगळी."

परतीच्या गाडीत रत्नप्रभाबाई खिडकीशी बसल्या. इतके महिने त्या उजव्या कुशीला अंग टाकायच्या नाहीत, सरळ बसूनच प्रवास करायच्या. गाडी सुरू झाली तशा त्या उजवीकडे कलल्या, दिनकररावांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गाढ झोपल्या. तोंड थोडं उघडं राहिलं. एक-दोनदा घोरल्याही.

विटा स्टँडला गाडी थांबली. माणसं उतरली. दिनकरराव हलले नाहीत. कंडक्टर जवळ आला, त्याने रत्नप्रभाबाईंना ओळखलं आणि दिनकररावांकडे बघितलं.

"उतरायचं नाही का, काका?"

दिनकररावांनी खांद्यावरच्या डोक्याकडे नजरेनं दाखवलं.

"झोपू दे बाईंना," कंडक्टर हळूच म्हणाला. "हीच गाडी तासगावला जाऊन इथंच परत यायचीय."

आणि त्याने घंटीची दोरी, नेहमी ओढतो त्याहून हलकेच, ओढली.